बायोफ्लॉक टाकीसाठी खनिजे: कोणती, किती आणि कधी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताडपत्री, ब्लोअर, एअर स्टोन, बोटुकली (माशांची बोटभर पिल्ले) यांची खरेदी माणसे चार ठिकाणी चौकशी करून करतात. पाण्यात काय विरघळले आहे याची चौकशी मात्र मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागले की मगच सुरू होते. तलावात पावसाच्या, ओढ्याच्या पाण्यातून आणि तळाच्या मातीतून काही ना काही येत राहते. बायोफ्लॉकच्या टाकीत, म्हणजे जिवाणूंचे तरंगते पुंजके (फ्लॉक) वाढवून पाणी साफ ठेवणाऱ्या टाकीत, खाली ताडपत्री, वर छप्पर आणि पाणी बदलणे जवळपास बंद. त्यामुळे पाण्यातून जे खर्च होते ते मोजून परत घालणे हे मत्स्यपालकाचेच काम ठरते.

खालचे सगळे हिशेब एकाच टाकीचे आहेत: व्यास ४ मीटर, पाण्याची खोली १.२ मीटर, म्हणजे साधारण १५,००० लिटर. १ पीपीएम म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम, या टाकीला १५ ग्रॅम. एवढे लक्षात ठेवले की आपापल्या टाकीचा हिशेब कुणालाही वहीच्या कोपऱ्यात मांडता येतो.

खनिजे घालायची म्हणजे नेमके काय घालायचे?

गरजा तीन आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पहिली गरज अल्कलिनिटीची, म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेटची. दुसरी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची, ज्याला आपण पाण्याचा जडपणा किंवा हार्डनेस म्हणतो. तिसरी क्लोराइडची, आणि कोळंबी असेल तर सोबत पोटॅशियमची. झिओलाइट, बेंटोनाइट अशा पावडरी या तिन्हींच्या नंतर येतात. बाजारात क्रम नेमका उलटा दिसतो: महागडी पावडर आधी विकली जाते आणि खाण्याच्या सोड्याचे नाव कुणी काढत नाही.

अल्कलिनिटीला एवढे महत्त्व का?

कारण टाकीत रोज सर्वाधिक खर्च तिचाच होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

हिशेब करून पाहू. २८ टक्के प्रथिनांचे १ किलो खाद्य घ्या. प्रथिनांच्या वजनाला ६.२५ ने भागले की नायट्रोजन मिळतो, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम. त्यातला पाव ते एक तृतीयांश माशांच्या अंगी लागतो. बाकीचा, धरून चालू ३० ग्रॅम, अमोनियाच्या रूपाने पाण्यात येतो. इथून त्याला दोन वाटा आहेत. गूळ किंवा मळी खाऊन वाढणारे फ्लॉकमधले जिवाणू तो आपल्या शरीरात बांधतात. यात दर ग्रॅम नायट्रोजनमागे ३.५७ ग्रॅम अल्कलिनिटी खर्ची पडते. दुसरी वाट नायट्रिफिकेशनची: जिवाणू अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. यात दर ग्रॅममागे ७.१४ ग्रॅम जाते, म्हणजे बरोबर दुप्पट. हे जिवाणू गुळावर जगत नाहीत. त्यांना लागणारा कार्बन पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनच येतो.

म्हणजे १ किलो खाद्यामागे १०७ ते २१४ ग्रॅम अल्कलिनिटी संपते. टाकीत दोन्ही वाटा चालू असतात, त्यामुळे खरा आकडा मध्ये कुठेतरी पडतो. आपल्या टाकीत दिवसाला ३ किलो खाद्य जात असेल तर रोज ३२० ते ६४० ग्रॅम गेली, म्हणजे २१ ते ४३ पीपीएम. १५० पीपीएमने सुरू केलेली टाकी काहीच परत न घालता चार ते सात दिवसांत रिकामी होते.

मग दिसते काय? सामू (पीएच) रोज थोडा थोडा उतरतो, ७.५, ७.१, ६.८. नायट्रिफिकेशन मंदावते आणि पाणी तपासायच्या किटवर अमोनियाचा रंग गडद व्हायला लागतो. मत्स्यपालक गूळ वाढवतो, वरून प्रोबायोटिकची आणखी एक पुडी सोडतो. जिवाणू टाकीत असतातच. त्यांचा कच्चा माल संपलेला असतो. सामू उतरलेला असल्यामुळे अमोनियाचा विषारी भाग कमी राहतो आणि मासे लगेच मरत नाहीत, म्हणून दुखणे आणखी काही दिवस झाकले जाते.

बायोफ्लॉकमध्ये अल्कलिनिटी १०० पीपीएमच्या खाली जाऊ देऊ नये. १२० ते १५० च्या दरम्यान ठेवली तर एखादा दिवस मोजायचे राहून गेले तरी टाकी सांभाळून घेते.

आमच्या बोअरचे पाणी जड आहे. तरीही घालावे लागेल?

सुरुवातीला कदाचित नाही, पुढे हमखास. वरच्या हिशेबात पाणी कुठून आले हा प्रश्नच नव्हता. खाद्य वाढले की खर्च वाढतो.

पण सुरुवात कुठून करायची हे पाण्यावर ठरते. देशावर आणि मराठवाड्यात काळ्या पाषाणातून येणारे विहिरीचे, बोअरचे पाणी साधारणपणे बायकार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांनी भरलेले असते. तिथे पहिले काही आठवडे पाणीच तुमचे काम करते. कोकणात जांभा दगडातून झिरपलेले पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. अल्कलिनिटी अनेकदा ५० च्या आत. तिथे बोटुकली सोडण्याआधीच तयारी करावी लागते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्याची गोष्ट वेगळी. तिथे सोडियम भरपूर, म्हणून त्यात आणखी मीठ ओतण्याआधी तपासणी झालीच पाहिजे.

आणि ही तपासणी अनेकांच्या घरात आधीच पडलेली असते. द्राक्ष किंवा डाळिंबासाठी कृषी विज्ञान केंद्रातून किंवा खासगी प्रयोगशाळेतून सिंचनाच्या पाण्याचा अहवाल काढलेला असतो, तो बाहेर काढा. त्यात बायकार्बोनेट मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरमध्ये (meq/L) दिलेले असते. त्याला ५० ने गुणले की अल्कलिनिटी पीपीएममध्ये मिळते (कार्बोनेट दाखवले असेल तर तेही त्यात मिळवून घ्या). कॅल्शियम अधिक मॅग्नेशियमला ५० ने गुणले की हार्डनेस. उदाहरणार्थ, बायकार्बोनेट ४.२ असेल तर अल्कलिनिटी २१०, कॅल्शियम-मॅग्नेशियम मिळून ६.५ असेल तर हार्डनेस ३२५. असे पाणी असेल तर पहिल्या दिवशी चुन्याचा एक कणही टाकायची गरज नाही, मग कुणाच्या तक्त्यात काहीही लिहिलेले असो.

खाण्याचा सोडा वापरावा की चुना?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांना.

खाण्याचा सोडा पूर्ण विरघळतो आणि त्याने सामू फार वर जात नाही, ८.३ च्या आसपास थांबतो. नवख्या माणसाच्या हाती द्यायला याच्याइतके सुरक्षित दुसरे काही नाही. १ ग्रॅम अल्कलिनिटीसाठी १.६८ ग्रॅम सोडा लागतो. १५,००० लिटरमध्ये ५० पीपीएम वाढवायचे तर १,२६० ग्रॅम. रोजच्या भरपाईसाठी आणखी सोपा अंदाज: जेवढे खाद्य, त्याच्या १५ ते २५ टक्के सोडा. ३ किलो खाद्याला ४५० ते ७५० ग्रॅम. यापुढची बारीक दुरुस्ती किट सांगेल.

विरवलेला चुना कमी लागतो. त्याच ५० पीपीएमसाठी ५५५ ग्रॅम पुरतात. तो स्वस्त आहे, कॅल्शियमही देतो आणि आणखी एक काम करतो ज्याकडे फारसे लक्ष जात नाही. दाटीच्या टाकीत मासे आणि जिवाणू दोघेही कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, तो चुना शोषून घेतो आणि त्याचेच बायकार्बोनेट करतो. एवढे गुण असूनही तो धारदार आहे: चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असतो. म्हणून एका वेळी १,००० लिटरला १० ते २० ग्रॅमच, बादलीत भरपूर पाण्यात कालवून, ब्लोअर जोरात चालू असताना, टाकीच्या कडेने फिरवत ओतायचा. तासाभराने सामू पाहायचा. कळीचा चुना थेट टाकीत कधीच टाकू नये. तो विरताना उकळतो, त्यात हात भाजतो आणि डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते.

चुनखडीची भुकटी आणि डोलोमाइट हे सावकाश काम करणारे. सामू ८ च्या पुढे असेल तर ते जवळजवळ विरघळतच नाहीत, तळाला बसतात आणि गाळाबरोबर निघून जातात. सामू ७ च्या आसपास असलेल्या टाकीत मात्र आठवड्याची शिदोरी म्हणून चांगले. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळते.

महिनोन्‌महिने फक्त सोडाच वापरला तर काय होते तेही सांगायला हवे. प्रत्येक किलो सोड्यासोबत सुमारे २७० ग्रॅम सोडियम टाकीत जाते आणि पाणी बदलत नसल्याने तिथेच साठते. फ्लॉकचे कण एकमेकांना धरून राहतात ते जिवाणूंच्या चिकट स्रावामुळे, आणि त्या स्रावाचे धागे एकत्र बांधण्याचे काम कॅल्शियम आणि मॅग्नेशियम करतात. सोडियमचे प्रमाण फार वाढले की ही पकड सैल होते, फ्लॉक बारीक आणि सुटा पडतो, इमहॉफ कोनमध्ये (फ्लॉक मोजायच्या एक लिटरच्या शंकूच्या आकाराच्या पारदर्शक भांड्यात) नीट बसत नाही, पाणी वरपर्यंत गढूळ राहते. काळ्या जमिनीत सोडियम वाढले की ती चोपण होते, कण सुटे होतात, पाणी झिरपत नाही, हे आपल्या शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे. टाकीतही रसायन तेच. म्हणून मऊ पाण्यात चार दिवस सोडा, एक-दोन दिवस चुना अशी पाळी लावणे शहाणपणाचे.

चुना टाकला आणि रात्रीतून मासे मेले. असे का होते?

हा सर्वांत महत्त्वाचा धोका आहे, म्हणून सविस्तर.

किट जो अमोनिया दाखवते तो दोन रूपांची बेरीज असते. एक रूप अमोनियम, तुलनेने निरुपद्रवी. दुसरे मुक्त अमोनिया, जे थेट कल्ल्यांतून आत शिरते. दोघांतले प्रमाण सामू ठरवतो. २८ अंश तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही मुक्त नसतो. सामू ८ ला साडेसहा टक्के होतो. सामू ९ ला ४० टक्क्यांच्या वर.

आता अशी टाकी डोळ्यांसमोर आणा: अल्कलिनिटी संपलेली, सामू ६.८, किटवर अमोनिया ४ पीपीएम. मासे खात नाहीत, पण जिवंत आहेत. सामू घसरलाय म्हणून कुणीतरी दोन किलो चुना एकदम ओततो. अल्कलिनिटी नसलेल्या पाण्याला धक्का सोसण्याची ताकदच नसते, म्हणून सामू काही मिनिटांत ९ कडे झेपावतो. अमोनिया तेवढाच, ४ पीपीएम, पण विषारी भाग पन्नास पटींहून जास्त झाला. सकाळी टाकीवर पांढरी पोटे तरंगताना दिसतात आणि दोष बियाण्याला दिला जातो.

अशा टाकीत आधी खाद्य बंद करा. शक्य असेल तर एक चतुर्थांश पाणी बदला. मग सोडा द्या, तोही दिवसातून दोन-तीनदा थोडा थोडा, एका दिवसात सामू अर्ध्या अंकापेक्षा जास्त चढणार नाही या बेताने. अमोनिया १ पीपीएमच्या खाली येईपर्यंत चुन्याची पिशवी उघडू नका.

मीठ किती घालावे आणि कशासाठी?

हजार लिटरला एक किलो जाडे मीठ, हा तक्ता सगळीकडे फिरतो. म्हणजे आपल्या टाकीला १५ किलो. त्यातून सुमारे ६०० पीपीएम क्लोराइड मिळते. गोड्या पाण्यातल्या माशांना हे सोसते, मात्र ते कशासाठी घालतोय हे कळले तर कमी-जास्त करता येते.

टाकी सुरू होऊन काही आठवडे झाले की बहुधा नायट्राइट चढते, कारण अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू आधी स्थिरावतात आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे मागाहून. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात गेले की रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असूनही मासे वर येतात. अशा वेळी एक मासा हातात घेऊन कल्ल्याचे झाकण उचलून पाहा. निरोगी कल्ले लालभडक असतात. नायट्राइट चढलेल्या माशाचे चॉकलेटसारखे तपकिरी दिसतात. ही ओळख एकदा नजरेत बसली की किट येईपर्यंत थांबावे लागत नाही.

क्लोराइड आणि नायट्राइट दोन्ही कल्ल्यांतल्या एकाच दाराने आत जातात. क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइटला वाव मिळत नाही. नायट्राइट-नायट्रोजनच्या (नायट्राइटमधल्या फक्त नायट्रोजनच्या) किमान दहापट क्लोराइड असावे. वीसपट असेल तर निर्धास्त. नायट्राइट-नायट्रोजन ५ पीपीएम असेल तर क्लोराइड १०० पीपीएम पुरे, त्यासाठी या टाकीला अडीच किलो मीठ. तुमचे किट नायट्रोजन न दाखवता पूर्ण नायट्राइट दाखवत असेल तर आकड्याला ३.३ ने भागून घ्या.

पेण-उरणकडच्या मिठागरांचे जाडे मीठ उत्तम. स्वयंपाकाच्या आयोडीनयुक्त मिठाने मासे मरत नाहीत, पण त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. मीठ बाष्प होऊन उडत नाही. टाकीचे पाणी आटले म्हणून भर घालताना पुन्हा मीठ घालायचे नसते, गाळाबरोबर जेवढे पाणी काढले तेवढ्याचेच घालायचे.

टीडीएस १,५०० आहे. मग खनिजे पुरेशी आहेत ना?

टीडीएस मीटर एकूण क्षार सांगते, कोणते ते सांगत नाही. १५ किलो मीठ घातल्यावर टीडीएस एकदम हजाराने चढतो, आणि तरीही अल्कलिनिटी शून्याकडे जात असू शकते. टीडीएस पाहून चुना-सोडा ठरवणे सोडून द्या. हे मीटर एका कामाला चांगले: क्षार महिन्यागणिक किती साठत चाललेत ते पाहायला.

पोटॅश कधी लागते?

तिलापिया, पंगस, सायप्रिनस असतील तर वेगळे पोटॅश सहसा लागत नाही. खाद्यातून मिळते, आणि मळी वापरत असाल तर मळीत पोटॅशियम भरपूर असतेच.

वनामी कोळंबीचा मामला वेगळा. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम साधारण ३ : १ : १ या प्रमाणात असतात आणि कोळंबीला कमी खारट पाण्यातही तेच प्रमाण हवे असते. जमिनीतल्या खारट पाण्यात सोडियम, कॅल्शियम असते, पण पोटॅशियम बहुधा फारच कमी, कारण चिकणमाती ते धरून ठेवते. मुंबईत वर्सोव्याला मुख्यालय असलेल्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेचे हरियाणात रोहतकजवळ लाहली इथे केंद्र आहे. तिथल्या खारट भूजलात कोळंबी वाढवण्याच्या कामात पोटॅशियमची भरपाई हा कळीचा मुद्दा राहिला आहे.

हिशेब असा: पाण्याची क्षारता किती पीपीटी (लिटरला किती ग्रॅम क्षार) आहे ते पाहा. तिला १०.७ ने गुणले की हवे असलेले पोटॅशियम मिळते, ११.६ ने गुणले की कॅल्शियम, ३९.१ ने गुणले की मॅग्नेशियम. ३ पीपीटीच्या पाण्याला पोटॅशियम ३२ पीपीएम हवे. अहवालात ८ निघाले तर तूट २४ पीपीएम, म्हणजे १५,००० लिटरला ३६० ग्रॅम पोटॅशियम. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते निम्मे असते, तेव्हा साधारण ७२० ग्रॅम खत, दोन-तीन दिवसांत विभागून. पांढरे पोटॅश घ्यावे. लाल रंगाच्या पोटॅशमध्ये लोहाची भेसळ असते, तिचा गाळ टाकीत कशाला. मॅग्नेशियमसाठी मॅग्नेशियम सल्फेट, पण त्यात मॅग्नेशियम दहा टक्क्यांच्या आसपासच असते हे विसरू नका, मात्रा मोठी लागते.

लक्षणे ओळखा: कात टाकल्यावर कवच मऊच राहणे, हाताळताना कोळंबी वाकडी होऊन शेपटीचे मांस पांढरे पडणे, सकाळी तळाला विनाकारण मर. रात्री आणि पहाटे कात टाकण्याचा जोर असतो, तेव्हा खनिजे संध्याकाळी दिलेली बरी.

झिओलाइट टाकल्याने अमोनिया जातो का?

गोड्या पाण्यात काही प्रमाणात जातो. झिओलाइटच्या जाळीदार रचनेत सोडियम, कॅल्शियम बसलेले असतात. ते सोडून अमोनियम आत घेतले जाते. आपल्या दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, नाशिक, जळगाव, पुणे भागातले तर जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. मत्स्यपालनात वापरतात ते वेगळ्या जातीचे, दाणेदार किंवा भुकटी.

बायोफ्लॉकमध्ये मात्र मी ते रोजच्या वापरासाठी सुचवत नाही, आणि याला ठोस कारणे आहेत. अमोनिया हे फ्लॉकच्या जिवाणूंचे अन्न आहे. ते झिओलाइटने ओढले तर फ्लॉक बनायलाच उशीर. दुसरे कारण मिठाचे. झिओलाइट भरून गेले की ते पुन्हा वापरण्याजोगे करायला मिठाच्या पाण्यात बुडवतात, कारण सोडियम आत शिरते आणि अमोनियम बाहेर पडते. म्हणजे मिठाच्या टाकीत झिओलाइटची ताकद कमी, आणि झिओलाइट टाकलेल्या टाकीत मागाहून मिठाची पोती रिकामी केली तर धरलेला अमोनिया परत पाण्यात. बोटुकलीच्या वाहतुकीत, गोड्या पाण्याच्या पिशवीत झिओलाइट खरोखर उपयोगी आहे. तिथे वापरा.

बेंटोनाइटसारखी माती फ्लॉक लवकर बनवते, हे खरे का?

यात तथ्य आहे. जिवाणूंना चिकटायला पृष्ठभाग लागतो. नव्या टाकीच्या स्वच्छ पाण्यात तसा फारसा नसतो, मातीचे बारीक कण तो पुरवतात, आणि पाणी किंचित गढूळ झाल्याने शेवाळाचा जोरही कमी होतो. कच्छचे बेंटोनाइट सहज मिळते. ते फुगते, म्हणून रात्रभर बादलीत भिजवून, घोटून, फडक्यातून गाळून मगच टाकावे. २० पीपीएमपासून सुरुवात करावी, म्हणजे आपल्या टाकीला ३०० ग्रॅम, फक्त पहिल्या दोन-तीन आठवड्यांत.

नंतर मात्र बंद. चालत्या टाकीत घन कण आधीच पुरेसे असतात. वर माती टाकली तर इमहॉफ कोनमध्ये आकडा फुगतो, मत्स्यपालकाला वाटते फ्लॉक छान वाढला, आणि प्रत्यक्षात त्यात माशाला पोसणारे काही नसते. तिलापियासाठी कोनमध्ये २५ ते ४० मिली, कोळंबीसाठी १० ते १५ मिली फ्लॉक पुरतो; त्यापुढे कल्ले भरतात आणि ऑक्सिजन ओढला जातो.

शेतातली माती उचलून टाकू नये. तिच्यासोबत फवारणीचे उरलेले विष येते.

जिप्सम? तुरटी?

जिप्समने हार्डनेस वाढतो, अल्कलिनिटी नाही. पाणी मऊ आणि अल्कलिनिटी पुरेशी असेल तेव्हा ते योग्य: ५० पीपीएम हार्डनेससाठी या टाकीला शुद्ध जिप्सम सुमारे १.३ किलो. तुरटी नको. ती अल्कलिनिटी खाते आणि महिनाभर जोपासलेला फ्लॉक एका दुपारी तळाला बसवते.

जनावरांचे मिनरल मिक्स्चर टाकीत चालेल का?

नाही. ते गाईच्या पोटासाठी बनवलेले आहे. त्यातले फॉस्फेट पाण्यात नीट विरघळत नाही आणि तांबे, जस्त विरघळले तर साठत जाते. तांबे तर अल्कलिनिटी कमी असलेल्या पाण्यात अगदी थोडक्या प्रमाणातही घातक. माशाला कॅल्शियम पाण्यातून कल्ल्यांद्वारे घेता येते, फॉस्फरस मात्र मुख्यतः खाद्यातूनच लागतो, आणि चांगल्या तरंगत्या खाद्यात तो असतो.

मासळीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणांबाबत एकच कसोटी लावा: पिशवीवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम यांची टक्केवारी छापली आहे का? नसेल तर पिशवी दुकानातच राहू द्या.

खनिजे नीट असतील तर गूळ कमी लागतो का?

होय, काही आठवड्यांनी. बायोफ्लॉकमध्ये कार्बन आणि नायट्रोजनच्या गुणोत्तराला जो पाया मिळाला तो इस्रायलच्या योराम अवनिमेलेक यांच्या कामातून, आणि त्यावरून रोज गूळ घालण्याची सवय सगळीकडे पसरली. पण अल्कलिनिटी टिकवलेल्या टाकीत नायट्रिफिकेशन करणारे जिवाणू स्थिरावतात आणि अमोनियाचा बराच भार उचलतात. मग गूळ हा अमोनिया अचानक चढल्यावर वापरायचा उपाय उरतो. गूळ कमी म्हणजे गाळ कमी, ऑक्सिजनचा खर्च कमी, ब्लोअरवरचा ताण कमी.

मोजायचे कसे आणि किती वेळा?

सामू रोज दोनदा, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, वेळ न बदलता. अल्कलिनिटी आठवड्यातून दोनदा, आणि खाद्य दिवसाला २ किलोच्या पुढे गेले की एक दिवसाआड. अमोनिया, नायट्राइट आठवड्यातून दोनदा. हार्डनेस महिन्यातून एकदा पुरे.

किटच्या रंगाला फ्लॉकचे तपकिरी पाणी फसवते. नमुना आधी अर्धा तास कोनमध्ये बसू द्या, वरचे पाणी चार पदरी सुती फडक्यातून किंवा गाळणकागदातून गाळा, मग थेंब टाका. थेंब टाकताना बाटली सरळ उभी धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात आणि अल्कलिनिटीचा आकडा वीस-तीसने हलतो. नळकांडे पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात पाहा.

वहीत त्याच ओळीत खाद्याचे वजन आणि टाकलेला सोडा-चुना लिहा. दोन आठवड्यांत तुमच्या टाकीचा स्वतःचा आकडा हाती येतो: किलोभर खाद्यामागे किती सोडा. तो या पानावरच्या आकड्यापेक्षा खरा.

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडा एकाच बादलीत कालवले तर?

पांढरा साका बसेल, दोन्ही वाया. मध्ये काही तासांचे अंतर ठेवा.

वीज गेल्यावर तग धरायला एखादे खनिज आहे का?

नाही. भरलेल्या टाकीत हवा थांबली की अर्ध्या-पाऊण तासात जीव कासावीस होतात. इन्व्हर्टर आणि बॅटरी, दुसरे काही नाही.

नव्या सिमेंटच्या टाकीत सामू ९ च्या खाली येत नाही. काय करावे?

सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतोय. टाकी भरा, चार-पाच दिवस ठेवा, रिकामी करा, घासा. असे दोन-तीन आठवडे. भरून ठेवलेल्या पाण्याचा सामू तीन दिवस ८.५ च्या खाली राहिला की मगच बीज सोडा. अशा टाकीला पहिल्या महिन्यात चुना नको.

टाकीतला गाळ आणि पाणी शेतात सोडले तर चालते का?

मीठ घातले नसेल किंवा अगदी थोडे असेल तर गाळ चांगले खत आहे, नायट्रोजन आणि फॉस्फरस दोन्ही त्यात असतात. हजार लिटरला किलोभर मीठ आणि वर महिनोन्‌महिने सोडा घातलेल्या टाकीचे पाणी मात्र काळ्या जमिनीत सोडू नये. निचरा कमी असलेल्या जमिनीत ते सोडियम वर्षानुवर्षे बसून राहते. पीक काढल्यावर टाकी रिकामी करायच्या आधी पाण्याचा सोडियम आणि विद्युत वाहकतेचा अहवाल काढा. वाहकता २ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या (dS/m) पुढे असेल तर ते पाणी पुढच्या खेपेसाठी राखीव टाकीत ठेवा: त्यात फ्लॉक तयार आहे, क्लोराइड आहे, आणि नव्या टाकीत दहा ते वीस टक्के मिसळले तर पहिले दोन-तीन आठवडे वाचतात. आधीच्या खेपेत रोगाची मर झाली असेल तर हे करू नका. ते पाणी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करून मगच वेगळ्या खड्ड्यात सोडा, ओढ्यात नाही.